बर्फावरची शेगडी

पहारेचा घाव एकाच जागी दोन-तीनदा घालायचा. पहार आरपार गेली आणि खालून पाणी उसळलं, तर आल्या पावली परत फिरायचं. नाही गेली, तर एक पाऊल पुढे आणि पुन्हा घाव. हिवाळ्याच्या तोंडावर, तळी नुकती गोठलेली असताना, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला जाणता मासेवाला असा चालतो. हातात पहार, मागे दोरीला बांधलेली घसरगाडी, गळ्यात एका दोरीत अडकवलेल्या दोन टोकदार खुंट्या. बर्फ फुटून पाण्यात पडलाच, तर त्या खुंट्या काठच्या बर्फात रोवून स्वतःला वर खेचायचं असतं. ओल्या बर्फावर नुसत्या हाताची पकड बसत नाही.

इथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. सरकारी मोजणीत १० एकर आणि त्याहून मोठी तळी ११,८४२ भरतात, म्हणजे प्लेटवर थोडा विनयच आहे. ही तळी गोठली की अर्धं राज्य मासे धरायला त्यांच्यावर जाऊन बसतं. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याने जाडीचं कोष्टक ठरवून दिलंय. नवा, पारदर्शक बर्फ ४ इंच असेल तर पायी जा, ५ ते ७ इंचांवर स्नोमोबाइल, ९-१० इंचांवर लहान मोटार. ४ इंचांच्या आत कुणीच जायचं नाही. वर पडलेलं हिम भिजून गोठलं की जो पांढरट, दुधाळ बर्फ होतो त्याची ताकद निम्मी धरायची. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर खातं जोडतं की पूर्ण सुरक्षित बर्फ असा नसतोच.

मी ज्याच्याबरोबर जातो तो माझा शेजारी. जन्मापासून याच भागातला, बोलायला कंजूष. यंदा पुण्याहून शिकायला आलेला भाचाही सोबत होता. तळं लहान, शहराच्या उत्तरेला. बर्फ साडेपाच इंच, काचेसारखा काळा. अशा बर्फावर माणूस चालतो, तंबू उभा राहतो, पण चुकीला फारशी जागा उरत नाही. आणि त्या तंबूत शेगडी पेटवायची असते.

आधी भोक. गिरमिटाने आठ इंच व्यासाचं भोक पाडायला मिनिटसुद्धा लागत नाही. वर आलेला चुरा झाऱ्याने काढायचा. मग शेजारी जे करतो ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. तो तंबूच्या मधोमध एक जास्तीचं भोक पाडतो, त्यात गळ सोडत नाही. पाणी जिथे उभं आहे तिथे भोकाच्या आतल्या भिंतीवर चाकूने आडवी रेघ ओढतो. बर्फ पाण्यावर तरंगतो तेव्हा त्याचा जेमतेम बारावा हिस्सा वर असतो. त्यामुळे साडेपाच इंची बर्फाच्या भोकात पाणी काठापासून सेंटिमीटरभरच खाली असतं. तीन माणसं, तंबू, घसरगाडी, शेगडी असं ओझं एका जागी बसलं की बर्फ वाकतो आणि पाणी त्या रेघेच्या वर सरकू लागतं. वाकलेला बर्फ लगेच मोडत नाही, पण ओझं हललं नाही तर तो वाकतच राहतो. पाणी काठावरून बाहेर पसरायला लागलं की गुमान सामान उचलायचं. आमची रेघ दुपारपर्यंत जेमतेमच बुडाली. पण शेजारी दर थोड्या वेळाने तिकडे बघतच होता.

“मामा, शेगडीने खालचा बर्फ वितळणार नाही?” भाच्याने विचारलं. प्रश्न सगळेच विचारतात, आणि तो रास्तही आहे. आमची शेगडी प्रोपेनवर चालणारी, लहान ज्योतीवर ताशी ४,००० आणि मोठ्या ज्योतीवर ९,००० बीटीयू देणारी. ९,००० बीटीयू म्हणजे २.६ किलोवॅट. ही सगळी उष्णता बर्फातच गेली, तर तासाला २८ किलो बर्फ वितळेल. पण ती तशी जात नाही. तापलेली जाळी समोर किरणं फेकते, गरम हवा छताला जाते आणि पायाखालचा बर्फ शून्य अंशाला टिकून राहतो. वितळतो तो फक्त शेगडीच्या बुडाखालचा. तिथे थारोळं होतं, एक पाय खचतो आणि शेगडी कलंडते. कलंडल्यावर गॅस तोडणारा खटका तिच्यात असतो. तरी खटक्याच्या भरवशावर तिला बर्फावर टेकवू नये. आमची शेगडी फळीवर असते, फळीला चार ठेंगणे पाय, आणि तोंड तंबूच्या कापडाकडे नाही, मोकळ्या बाजूला. कापड नायलॉनचं आहे हे थंडीत विसरायला होतं.

तर बर्फ वितळण्याची भीती ही चुकीच्या जागची भीती. शेगडीचा खरा त्रास हवेला, आणि त्याहून जास्त माणसाच्या अकलेला होतो.

हवेचा हिशेब कागदावर मांडला की अंगावर येतो. शेगडीला लागणारा छोटा हिरवा सिलिंडर एक पौंडाचा, म्हणजे साडेचारशे ग्रॅम प्रोपेनचा. तेवढं प्रोपेन पूर्ण जळायला साधारण साडेपाच घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. दोन-तीन माणसांच्या तंबूत एकूण हवाच जेमतेम पाच ते सात घनमीटर असते. म्हणजे बाहेरची हवा आत आली नाही, तर एक सिलिंडर तंबू रिकामा करू शकतो, आणि आतली माणसंही त्याच हवेवर असतात. प्रत्यक्षात कुठूनतरी हवा झिरपते म्हणून निभावतं. पण वारा बोचायला लागला की लोक काय करतात? तंबूच्या झालरीवर फावड्याने बर्फ ओढतात, खालची फट बुजवतात, वरची खिडकी लावून घेतात. नेमका हवेचा रस्ता बंद करतात.

ऑक्सिजन कमी झाला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, तो हाच वायू. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते. बर्फावर दिवसभर बसलेल्या माणसाला या तिन्ही गोष्टींसाठी दुसरी सबब हाताशी असते. थंडी, रिकामं पोट, पहाटेचं जागरण.

चांगल्या शेगडीत ऑक्सिजन पाहणारा सेन्सर असतो. हवेतलं प्रमाण २१ वरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरलं की पेटती वात आपल्या जागेवरून उचलली जाते, तिच्यासमोरचं टोक गार पडतं आणि गॅस बंद होतो. युक्ती छान आहे. पण ती ऑक्सिजन बघते, कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. जाळीवर धूळ बसली असेल, ज्योत पिवळी जळत असेल, तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही विष तयार होऊ शकतं. म्हणून बॅटरीवरचा वेगळा अलार्म हवाच. तो टांगायचा बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. बहुतेक घरगुती अलार्म ४-५ अंश सेल्सिअसच्या खाली भरवशाचे नसतात, त्यामुळे घसरगाडीत ठेवलेला अलार्म असून नसल्यासारखा. आणि तो वाजण्याची वाट बघायची नसते. अमेरिकी मानकानुसार ७० पीपीएमला तो एक ते चार तासांनी वाजतो. ४०० पीपीएमला मात्र ४ ते १५ मिनिटांत.

दोन फटी ठेवायच्या, एक बर्फालगत आणि एक छताजवळ. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर. पाय गारठतात. गारठू द्यावेत.

वरच्या फटीचा आणखी एक उपयोग आहे, जो मला तंबूत बसेपर्यंत ठाऊक नव्हता. प्रोपेन जळताना पाणी तयार होतं. एका सिलिंडरमागे जवळजवळ पाऊण लिटर. ही वाफ छताला लागते, थेंब होतात, थेंब कापडावरून खाली ओघळतात आणि दाराच्या झिपवर जाऊन गोठतात. दुपारी भाचा बाहेर जायला उठला, झिप ओढू लागला आणि ती हलेना. दातांवर पातळ, चकचकीत बर्फाची पट्टी बसली होती. शेजाऱ्याने हातमोजा काढला, तळहात झिपवर दाबून धरला, मग हळूहळू ओढली. पातळ बर्फावर बसलेल्या माणसाचं दार गोठणं ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. तेव्हापासून दार खालून वीतभर उघडं आणि खिशात चाकू.

सिलिंडर बदलायचा तो तंबूच्या बाहेर, ज्योत विझवून. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतं. गळालं तर वर जात नाही, बर्फालगत साचतं. ज्योत आपोआप विझली असेल तर दार सताड उघडून थांबायचं, मगच काडी. वापरात असलेल्या सिलिंडरवर हिमाची पांढरी पुटं चढतात आणि ती एका सरळ रेषेपाशी थांबतात. त्या रेषेपर्यंत आत द्रव उरलेला असतो. गॅस होताना द्रव स्वतःतलीच उष्णता खर्चतो, म्हणून तेवढाच भाग गारठतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतं, तरी कडाक्याच्या थंडीत त्याचा दाब उतरतो आणि ज्योत मरगळते. अशा वेळी सिलिंडर शेगडीपुढे धरून शेकणारे महाभाग असतात. त्यांच्या शेजारी तंबू लावू नये.

आता अकलेचं. शेगडी नसते तेव्हा थंडीच माणसाला घरी धाडते. बोटं बधिर झाली की तो उठतो. शेगडी पेटली की तो निवांत बसतो, कोट काढतो, बूट सैल करतो, गळ्यातल्या खुंट्या खुंटीला अडकवतो. आता बर्फ फुटला तर अंगावर पाण्यात तरंगवणारा कोट नाही आणि खुंट्या तंबूबरोबर पाण्यात. मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी गार पाण्याचा हिशेब १-१०-१ असा सांगितलाय. श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध जायला साधारण एक तास. त्या दहा मिनिटांत खुंट्या शोधत बसता येत नाही. म्हणून माझं मत असं की पातळ बर्फावर शेगडी लहान ज्योतीवरच असावी. बोटं वळतील आणि भोकावर साय धरणार नाही, एवढीच ऊब. कोट काढावासा वाटला तर कोट ठेवून ज्योत कमी करायची.

ऊबेचा दुसरा तोटा म्हणजे बाहेरचं दिसत नाही. इथल्या अप्पर रेड लेकवर २८ नोव्हेंबर २०२२ ला सुमारे दोनशे माणसं काठापासून सुटलेल्या बर्फाच्या तुकड्यावर अडकली. पुढच्याच वर्षी, २९ डिसेंबर २०२३ ला, त्याच तळ्यावरून १२२ जणांना सोडवावं लागलं. तो हिवाळा राज्याच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. मोठ्या तळ्यावर वारा फिरला की फट पडते आणि बघता बघता रुंदावते. बंद तंबूत बसलेल्याला ती कळते तेव्हा मध्ये पाणी असतं.

शेजारी दर अर्ध्या तासाने दार पूर्ण उघडून बाहेर जातो. काठाकडे बघतो, वारा बघतो, पहारेचे दोन घाव घालतो, परत येतो. तेवढ्यात तंबूतली हवा पालटते, आम्ही शिव्या घालतो, आणि झिपही मोकळी होते. मासे म्हणाल तर दोन वॉलआय आणि थोडे क्रॅपी. वॉलआयला रवा आणि तिखट लावून तव्यावर टाकला तर पापलेटवाल्यांनीही नाक मुरडू नये.

निघताना शेगडी सगळ्यांत आधी विझवायची, बाहेर ठेवायची आणि ती गार होईपर्यंत तंबू गुंडाळायचा. गरम जाळी तशीच घसरगाडीत कोंबली तर खालचा तंबू जळतो. सिलिंडर काढून उभा ठेवायचा, टोपण लावायचं. परतताना आलेल्याच पावलांवरून, एकमेकांत पंधरा-वीस पावलांचं अंतर ठेवून. रिकामे सिलिंडर घरच्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. ते जिल्ह्याच्या घातक कचरा केंद्रावर घेतात, आणि शनिवारी तिथली रांग बघितली की तळ्यावर किती शेगड्या पेटल्या होत्या त्याचा अंदाज येतो.