चौथाई मापाचें स्पिटफायर

विमानाची प्रतिकृति म्हटली कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें कांचेच्या कपाटांत ठेवलेलें, किंवा मुलाच्या वाढदिवसास आणलेलें एखादें खेळणें उभें राहतें. प्रस्तुत लेखांत ज्या प्रतिकृतीविषयीं लिहावयाचें आहे तिचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नऊ फुटांहून अधिक भरतात, तिचें वजन सहा-सात वर्षांच्या मुलाइतकें असतें, ती पेट्रोलवर चालते, आणि जमिनीवर उभा असलेला मनुष्य हातांतील बिनतारी यंत्रानें तिला आकाशांत फिरवितो. सायंकाळच्या फुरसतीचीं दोन-तीन, क्वचित् पांच-सहा वर्षेंहि ती बांधावयास लागतात. आणि खर्च एखाद्या चांगल्या मोटारसायकलीच्या किंमतीस सहज पोंचतो. इंग्लंड-अमेरिकेंत हा छंद फार वाढला आहे. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेंत लहान प्रतिकृति बांधण्याचें व उडविण्याचें शिक्षण मिळतें, त्यामुळें कांहीं तरुणांस त्याची गोडी लागते. परंतु या छंदांतील जी गोष्ट आम्हांस विशेष वाटते ती यंत्राची नव्हे. लहान प्रतिकृति एकटा मनुष्य आपल्या खोलींत बसून बांधूं शकतो. मोठी मात्र एकट्याच्यानें होत नाहीं, आणि होऊंहि नये. असें कां, हें समजण्यास थोडें गणित पाहिलें पाहिजे.

उदाहरणासाठीं स्पिटफायर घेऊं, कारण मोठ्या प्रतिकृति बांधणाऱ्यांचें तें लाडकें विमान आहे. रेजिनाल्ड मिचेल या इंग्रज अभियंत्यानें त्याची आंखणी केली. ५ मार्च १९३६ रोजीं तें प्रथम उडालें, आणि पुढच्याच वर्षीं, ११ जून १९३७ रोजीं, वयाच्या ४२ व्या वर्षीं मिचेल वारला. आपल्या विमानानें लढाईंत काय केलें तें पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. पुढें वीस हजारांहून अधिक स्पिटफायर तयार झालीं. बडोद्याच्या गायकवाड महाराजांनीं युद्धकालांत दिलेल्या देणगीमुळें ब्रिटिश वायुदलाच्या १२४ व्या पथकास 'बडोदा' हें नांव मिळालें होतें, व तें पथक स्पिटफायरच उडवीत असे. तेव्हां एखाद्या मराठी हौशी गृहस्थानें हें विमान बांधावयास घेतलें, तर त्यावर कोणत्या पथकाचीं अक्षरें रंगवावीं हा प्रश्न त्यास पडूं नये. खरें स्पिटफायर पाहावयाचें असल्यास दिल्लीस पालम येथील वायुसेनेच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतें.

मनुष्य मारण्यासाठीं बांधलेल्या यंत्राची हौस कसली, असें घरांतील वडील मंडळी विचारतील, आणि हा प्रश्न गैर आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. एवढें मात्र खरें कीं या मंडळींपैकीं बहुतेकांस लढाईपेक्षां त्या आकृतीचें वेड असतें. शिवाय पुष्कळजण 'एक स्पिटफायर' न बांधतां, अमुक क्रमांकाचें, अमुक वैमानिकानें अमुक महिन्यांत उडविलेलें स्पिटफायर बांधतात. त्यासाठीं जुनीं दप्तरें व छायाचित्रें धुंडाळतां धुंडाळतां त्या वैमानिकाचें पुढें काय झालें तेंहि कळतें, आणि तें कळल्यावर हातांतील कामास निराळेंच गांभीर्य येतें.

आतां गणित. खऱ्या स्पिटफायरचे पंख ३६ फूट १० इंच. त्याचा चौथा हिस्सा ९ फूट २½ इंच. येथवर सर्व सोपें आहे. परंतु लांबी चौथाई झाली कीं पंखांचें क्षेत्रफळ सोळावा हिस्सा होतें, आणि घनफळ, व त्याबरोबर वजन, चौसष्टावा हिस्सा. युद्धाच्या आरंभींचें स्पिटफायर भरल्या वजनानें सुमारें २,७०० किलो होतें. त्यास ६४ नें भागिलें म्हणजे ४२ किलो येतात. मग प्रतिकृतीचें वजन ४२ किलो असावें काय? तसें विमान उडेल खरें, पण त्यास खऱ्याच्या निम्मा वेग द्यावा लागेल. आणि चौथाई आकाराची वस्तु निम्म्या वेगानें गेली तर पाहणाऱ्यास ती दुप्पट घाईनें धांवते आहे असें वाटतें. खऱ्या विमानाचा भारदस्तपणा यावयाचा तर वेगहि चौथाईच पाहिजे, आणि त्यासाठीं वजन २५६ वा हिस्सा, म्हणजे अवघें साडेदहा किलो असलें पाहिजे. इतक्या वजनांत नऊ फुटांचें, पेट्रोलच्या इंजिनाचें, पाय मिटून घेणारें विमान बसविणें जवळजवळ अशक्य! ४२ आणि साडेदहा यांच्यामध्यें कोठें तरी, बहुधा २० किलोंच्या आसपास, तडजोड करावी लागते. सारीं वर्षें खर्ची पडतात तीं या तडजोडीपायीं.

दुसरी अडचण अशी कीं विमान लहान करतां येतें, हवा लहान करतां येत नाहीं. हवेस एक प्रकारचा चिकटपणा आहे. मोठ्या, वेगवान पंखास तो फारसा जाणवत नाहीं. लहान व मंद पंखास मात्र तीच हवा पाण्याऐवजीं पाकासारखी वागूं लागते. स्पिटफायरचे पंख लंबवर्तुळाकार, टोकाकडे निमुळते होत गेलेले. दिसावयास ते अप्रतिम आहेत, पण वेग कमी झाला कीं प्रतिकृतीच्या त्या अरुंद टोकांचाच आधार आधीं सुटतो, एक पंख एकाएकीं खालीं जातो, आणि हें बहुधा उतरतांना, जमीन जवळ असतांना घडतें. खऱ्या विमानासहि हें भय असल्यामुळें त्याच्या पंखास मुळापासून टोकापर्यंत अडीच अंशांचा पीळ दिलेला होता. प्रतिकृति बांधणारे तो पीळ बहुधा किंचित् वाढवितात. नकाशाशीं एवढी बेइमानी सर्वमान्य आहे. प्रतिकृति जितकी मोठी तितका हवेचा हा त्रास कमी, हेंहि लोक मोठ्या विमानांच्या नादीं लागण्याचें एक कारण होय.

तिसरी गोष्ट तोलाची. खऱ्या स्पिटफायरचें मर्लिन इंजिन २७ लिटरांचें व सहाशें किलोंहून अधिक वजनाचें. चौसष्टाव्या हिश्शानें तें सुमारें १० किलोंचें व्हावें. प्रत्यक्षांत प्रतिकृतीस १०० घन सेंटिमीटरांच्या आसपासचें इंजिन पुरतें आणि त्याचें वजन तीन किलोंच्या घरांत असतें. म्हणजे नाक सात किलोंनीं हलकें! शेपूट जड झालेलें विमान ताब्यांत राहत नाहीं, म्हणून बॅटऱ्या, पेट्रोलची टांकी, जें म्हणून जड असेल तें सर्व पुढें रेटावयाचें, आणि तरीहि न भागल्यास नाकांत शिसें ओतावयाचें. शेपटीकडे एक ग्रॅम वाढला तर नाकांत तीन-चार ग्रॅम घालावे लागतात.

बांधणीचा आरंभ नकाशापासून होतो. पूर्ण मापाचा नकाशा पसरला कीं घरांतील कोणतेंहि मेज अपुरें पडतें, आणि बहुधा येथेंच पहिला गृहकलह उद्भवतो. लांकूड मुख्यतः बालसाचें. हा वृक्ष मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेंतला. त्याचें लांकूड इतकें मऊ कीं नखानें दाबलें तरी खूण उमटते, आणि इतकें हलकें कीं फळी उचलतांना हात उगाच वर जातो. जेथें जोर येणार तेथें स्प्रूसच्या पट्ट्या व पातळ प्लायवूड घालतात. पंखाची मुख्य तुळई, तीवर उभ्या फासळ्या, फासळ्यांवर बालसाचे पातळ तक्ते, त्यांवर राळेनें चिकटविलेलें कांचतंतूंचें तलम कापड, असे थर चढत जातात. पंखाची कड सर्वत्र वळत गेलेली असल्यामुळें एका पंखांतील प्रत्येक फासळी निराळ्या मापाची. हल्लीं फासळ्या लेसर-किरणांनीं कापलेल्या मिळतात, त्यामुळें महिन्याचें काम दिवसावर आलें आहे. परंतु घांसकाम अद्याप कांचकागदानें हातांनींच करावें लागतें. खऱ्या विमानाच्या पत्र्यावरील रिव्हेटांचे ठिपकेहि कित्येकजण उठवितात. इंजेक्शनच्या सुईनें पांढऱ्या सरसाचा एक एक थेंब ठेवीत जावयाचें. असे हजारों थेंब. ही चिकाटी पाहिली म्हणजे पूर्वी लक्ष वाती वळणाऱ्या आमच्या आज्यांची आठवण होते.

या सर्वांस एकाच मनुष्याचे गुण पुरत नाहींत. सुताराचा हात ज्यास आहे त्यास बहुधा विजेचें काम येत नाहीं. मिटणाऱ्या पायांसाठीं लेथ लागतो, व तो शेजारच्या गांवांतील कोणा निवृत्त कारागिराकडे असतो. रंगाचा फवारा मारणें ही आणखी निराळी विद्या. म्हणून पापडांच्या दिवशीं आळींतील बायका जमाव्यात तशी ही मंडळी आठवड्यांतील एका ठराविक सायंकाळीं कोणाच्या तरी गॅरेजमध्यें जमते. त्यांत एकजण तराजू घेऊन बसणारा असतो. जें जें विमानांत जावयाचें तें तो तोलतो, रंगाच्या एका जादा हातासहि हरकत घेतो, आणि उड्डाणाचा दिवस उजाडेपर्यंत सर्वांस अप्रिय राहतो.

बिनतारीनें चालणाऱ्या विमानांचा हा इतिहासच मुळीं जोडीनें सुरू झाला. १९३७ सालीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत कॅलामझू येथें वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं 'गफ' नांवाची सुमारें ८ फूट पंखांची प्रतिकृति बिनतारीनें उडविली; एकास विमानांचा नाद, दुसऱ्यास बिनतारीचा. ती आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. पुढें कित्येक दशकें या छंदावर एक टांगती तरवार होती. दोघांचीं यंत्रें एकाच लहरीवर असलीं, आणि एकाचें विमान वर असतांना दुसऱ्यानें आपलें यंत्र सुरू केलें, तर वरचें विमान तत्क्षणीं बेताल होऊन कोसळे. म्हणून मैदानावर एक फळी असे. ज्याची जी लहर तिची खुंटी त्यानें फळीवर लावावयाची, व ती लागल्यावांचून कोणी यंत्रास हात लावावयाचा नाहीं. तीन वर्षांचे श्रम त्या लांकडी खुंटीच्या भरंवशावर! आजचीं यंत्रें २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत लहरी बदलीत चालतात व प्रत्येक यंत्र आपल्याच विमानाशीं जोडलेलें राहतें, त्यामुळें ही भीति उरली नाहीं. तरीहि मोठ्या विमानांत दोन बॅटऱ्या ठेवतात, इंजिनाच्या ठिणगीचें यंत्र संदेश घेणाऱ्या यंत्रापासून होईल तितकें दूर बसवितात, आणि संदेश तुटल्यास इंजिन आपोआप मंद व्हावें अशी योजना करतात.

इतकी खबरदारी कां, तेंहि हिशेबानेंच पाहावें. २० किलोंचें विमान ताशीं १०० किलोमीटर वेगानें जात असतां त्याच्या अंगीं जो जोर असतो, तो तितक्याच वजनाचा दगड १२-१३ मजल्यांच्या इमारतीच्या गच्चीवरून सोडला असतां जमिनीवर आदळतांना असेल तेवढा. हें विमान लोकांच्या मेळाव्यासमोर उडावयाचें असतें. इंग्लंडांत २५ किलोंवरील प्रतिकृतीस नागरी विमानखात्याची विशेष परवानगी लागते, आणि लार्ज मॉडेल असोसिएशन या हौशी लोकांच्याच संस्थेचे परीक्षक बांधणी चालू असतांना येऊन ती तपासतात. कारण वर कापड चढल्यावर आंतील सांधा कसा आहे हें कोणासच दिसत नाहीं. आपल्याकडेहि २०२१ च्या ड्रोन-नियमांनीं शिक्षण, संशोधन किंवा करमणूक यांसाठीं, दृष्टीच्या टप्प्यांत उडवावयाच्या प्रतिकृतीस २५ किलोंची मर्यादा घातली आहे. कायदा नसता तरी दुसऱ्याचा डोळा हवाच होता. आपण घातलेला टांका आपणांस नेहमीं नीटच दिसतो. सुटलेला खिळा, न चिकटलेली कड, उलट जोडलेली तार या गोष्टी त्याच मनुष्यास दिसतात ज्यानें त्यांवर रात्री जागविलेल्या नाहींत. बांधणाऱ्यास त्या क्षणीं राग येतो. तो राग गिळून जो तक्ता पुन्हां उखडतो, त्याचेंच विमान वर नेण्यास पुढें इतर लोक तयार होतात.

कारण प्रथम उड्डाण पुष्कळदां बांधणाऱ्याच्या हातून होत नाहीं. ज्यानें इतकीं वर्षें घालविलीं त्याचे हात त्या दिवशीं स्थिर राहत नाहींत, हें सर्व जाणतात. म्हणून बिनतारी यंत्र मुरलेल्या उडविणाऱ्याच्या हातीं दिलें जातें व बांधणारा त्याच्या खांद्याशीं उभा राहून वारा, दुसरीं विमानें व माणसें यांवर नजर ठेवतो. उडविणाऱ्याचें काम अवघडच. विमान समोरून आपल्याकडे येऊं लागलें कीं उजवें-डावें उलट होतें. दूर गेल्यावर त्या सुंदर लंबवर्तुळाची पाठ दिसते कीं पोट, हें क्षणभर कळेनासें होतें. आणि खऱ्या वैमानिकास बैठकींतून जो हेलकावा जाणवतो तो यास मुळींच जाणवत नाहीं. सर्व कांहीं डोळ्यांनींच करावयाचें.

स्पिटफायरचीं चाकें एकमेकांच्या जवळ असल्यामुळें धांवतांना तें डगमगतें, आणि पंख्याच्या ओढीनें डावीकडे वळूं पाहतें. त्यास सुकाणूनें उजवीकडे धरून ठेवावें लागतें. शेपूट उचललें जातें, चाकें गवतावरून सुटतात, पाय एकामागून एक मिटतात. पांच-सात मिनिटें कोणी बोलत नाहीं; उडविणारा मात्र 'नाक थोडें जड आहे', 'डावा पंख किंचित् खालीं' असें पुटपुटत असतो, व शेजारचा तें टिपून घेतो. उतरतांना इंजिन अगदीं बंद करावयाचें नाहीं, थोडा वेग हातीं राखून चाकें टेंकवावयाचीं. गवतांत अडखळून नाक टेंकलें व पंखा मोडला तर तें नुकसान क्षुल्लक समजतात. विमान थांबलें कीं टाळ्या पडतात, कोणी पाठ थोपटतो, कोणी चहाचें सामान काढूं लागतो. बांधणारा मात्र गुडघे टेंकून पोटाचें झांकण उघडतो आणि दोन्ही बॅटऱ्यांत वीज किती उरली तें मोजतो. दुसरें उड्डाण त्याच दिवशीं करावयाचें कीं नाहीं, हें त्या आंकड्यावर ठरावयाचें असतें.