पाच फूट तीन इंचांची करामत

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून 10 फुटांवर असते आणि अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या खेळाडूंची सरासरी उंची भरते साडेसहा फुटांच्या आसपास. अशा ताडमाड माणसांत 5 फूट 3 इंचांचा एक गडी 14 हंगाम टिकला, 889 सामने खेळला, असं कुणी सांगितलं तर थाप वाटेल. पण टायरोन ‘मग्सी’ बोग्ज खरंच खेळला. त्याच्याहून बुटका खेळाडू या लीगने आजवर पाहिलेला नाही.

बोग्जचा जन्म 1965 मधला, बाल्टिमोरच्या गरीब वस्तीतला. तिथल्या डनबार हायस्कूलचा त्याचा संघ सलग दोन हंगाम एकही सामना हरला नाही. 1987 मध्ये एनबीएच्या निवडीच्या पहिल्याच फेरीत या एका शाळासंघातले तिघे निवडले गेले: रेजी विल्यम्स, रेजी लुईस आणि बारावा क्रमांक मिळवणारा बोग्ज. त्याला निवडणाऱ्या वॉशिंग्टनच्या संघात त्याचा सहकारी होता सुदानचा मानुट बोल, उंची 7 फूट 7 इंच. दोघं शेजारी उभे राहिले की अंतर पडायचं 2 फूट 4 इंचांचं!

‘मूर्ती लहान, कीर्ती महान’ म्हणून इथे थांबता येईल. पण खरी गंमत पुढे आहे. बोग्जने ठेंगणेपणावर मात केली म्हणण्यापेक्षा तो कामाला लावला, असंच म्हणावं लागेल.

ड्रिबल करताना चेंडू हातातून सुटतो, जमिनीवर आपटतो आणि परत हातात येतो. मधल्या वेळात तो कुणाचाच नसतो. चोरायचा तर तेव्हाच. आता थोडा हिशोब करू. जेमतेम एक मीटर उंची गाठेल इतक्या जोराने उसळलेल्या चेंडूला वर यायला साधारण 0.45 सेकंद लागतात. अर्ध्या मीटरसाठी 0.32 सेकंद पुरतात. म्हणजे चेंडू जितका खाली खेळवाल, तितकी चोराला संधी कमी. शिवाय बोग्जचा चेंडू हिसकायचा तर सात फुटी माणसाला कमरेत वाकून स्वतःच्या गुडघ्याखाली हात घालावा लागे. तो वाकेपर्यंत बोग्ज पसार!

दुसरी गोष्ट वजनाची. शरीर त्याच घडणीचं ठेवून उंची दुप्पट केली, तर स्नायूंची ताकद साधारण चौपट होते, पण वजन आठपट वाढतं. त्यामुळे लहान शरीराला झटकन थांबणं, वळणं, पुन्हा सुसाट सुटणं सोपं जातं. बास्केटबॉलच्या वरच्या मजल्यावर उंचांची मालकी असेल, तर तळमजला बोग्जचा होता.

1988 मध्ये शार्लट हॉर्नेट्स हा नवा संघ उभा राहिला तेव्हा वॉशिंग्टनने बोग्जला राखून ठेवलं नाही, शार्लटने उचललं. तिथे 1989-90 च्या हंगामात त्याने सामन्यामागे दहाहून अधिक असिस्ट दिले, म्हणजे थेट बास्केटमध्ये रूपांतर झालेले पास. कारकिर्दीत असे पास 6,726 आणि स्टील, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून काढून घेतलेले चेंडू, 1,369. चेंडू गमावण्याचं प्रमाण मात्र इतकं कमी की साधारण चाराहून अधिक असिस्टमागे एक चूक.

उंचीची किंमत त्यालाही मोजावी लागली. त्याच्या डोक्यावरून शॉट मारणं प्रतिस्पर्ध्यांना सोपं जाई, लांबून नेम धरण्यात तो कच्चा होता, आणि सामन्यामागे त्याची गुणांची सरासरी आठच्याही खाली राहिली.

तरीही त्याच्या नावावर 39 ब्लॉक, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे अडवलेले शॉट, आहेत. त्यांतला एक 1993 मधला, चक्क सात फुटी पॅट्रिक युइंगचा. यात जादू नव्हती. युइंग शॉटसाठी चेंडू वर नेऊ लागला, तेव्हा चेंडू अजून खालीच होता, म्हणजे बोग्जच्या हद्दीत. तिथेच बोग्जने हात घातला.

2001 मध्ये त्याचा शेवटचा हंगाम संपला. शार्लटच्या संघाकडून सर्वाधिक असिस्ट आणि सर्वाधिक स्टील हे दोन्ही विक्रम आजही याच पाच फूट तीन इंचांच्या माणसाच्या नावावर आहेत.