मुगाची पानं पिवळी पडली म्हणजे व्हायरसच का? फवारणीआधी एवढं तपासा

पावसानं उघडीप दिली की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. पिवळं पडलेलं पान आणि खाली प्रश्न, "कोणती फवारणी घेऊ?" पाच मिनिटांत पाच औषधांची नावं येतात. पण झाडात शिरलेला व्हायरस मारणारं औषध बाजारात नाहीच.

जळगाव-भुसावळ रस्त्यावर नशिराबाद लागतं. या पट्ट्यात खरिपात मूग, उडीद, चवळी, तूर असते आणि जवळपास केळीही. इथे रोग ओळखण्यात चूक झाली की फवारणीचा पैसा जातो आणि तोवर रोग पुढच्या झाडांवर पोहोचतो.

मग ओळखायचं कसं?

आधी साधी कारणं बाजूला काढा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर बहुतेक नत्र कमी आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमी दिसतं. पाणी साचलं तरी एक आख्खा पट्टा पिवळा होतो.

व्हायरसची खूण वेगळी. पानावर गडद पिवळे आणि हिरवे वेडेवाकडे ठिपके दिसतात. सुरुवातीला सगळं शेत पिवळं होत नाही, इथे एक झाड, तिथे एक झाड असं दिसतं.

व्हायरस आहे हे कळलं. पुढचा प्रश्न, आणला कोणी? कारण उपाय त्याच्यावरच करायचा असतो.

मूग-उडीद: पिवळा मोझॅक. वाहक पांढरी माशी. भारतात या रोगाची पहिली नोंद 1955 मध्ये दिल्लीला मुगावर झाली. माशी पानाच्या खालच्या बाजूला बसते, त्यामुळे पान उलटून बघा.

तूर: वांझ रोग. झाड दाट झुडपासारखं वाढतं, पानं लहान राहतात, पण फुलं-शेंगा लागत नाहीत. वाहक आहे डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म कोळी. बदनापूरच्या संशोधन केंद्रातल्या 'बीएसएमआर 736' या वाणाच्या नावातली अक्षरं या रोगाला प्रतिकारक असल्याचंच सांगतात.

चवळी: मोझॅक. चवळीवर येणाऱ्या व्हायरसपैकी एक म्हणजे कुकुंबर मोझॅक. तो मावा पसरवतो आणि हाच व्हायरस केळीवर हरण्या रोग आणतो. म्हणून केळीच्या बागेत किंवा बांधाला चवळी, मूग, उडीद, काकडी लावू नका असं सांगतात.

डोळ्यांना दिसतात ती लक्षणं. व्हायरसचं नक्की नाव प्रयोगशाळेतच कळतं. मुगाचा पिवळा मोझॅक किमान दोन वेगवेगळे व्हायरस आणतात आणि पान बघून ते वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी पीसीआर चाचणी करून डीएनए वाचावा लागतो. कोणत्या भागात कोणता वाण टिकेल हे ठरवताना संशोधकांना ही माहिती लागते. शेतकऱ्याला मात्र रिपोर्टची वाट बघत बसायची गरज नाही.

मुगात पहिली दोन-चार रोगट झाडं दिसली की लगेच उपटून पुरून टाका. पिवळे चिकट सापळे लावा. माशी वाढलेली दिसली तरच सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून कीटकनाशक घ्या. पुढच्या हंगामाला प्रतिकारक वाण निवडा.

ग्रुपवर विचारायचंच असेल तर तीन फोटो टाका: पूर्ण शेताचा, पूर्ण झाडाचा आणि पानाच्या खालच्या बाजूचा. नुसत्या एका पानावरून कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञालाही खात्रीनं सांगता येत नाही.

आणि अशा शेतातल्या मुगाची डाळ खाल्ली तर? काही होत नाही. हे व्हायरस माणसाला आजारी पाडत नाहीत. फटका बसतो तो शेतकऱ्याच्या उत्पन्नाला.