निर्दोष सुटलेले पदार्थ

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. तीस वर्षे मुद्रितशोधन केले. आधी सांगलीच्या छापखान्यांतून, नंतर घरी बसून. वैद्यकातले जे थोडेफार कळते, ते स्वतःच्या पोटापायी वाचून कळलेले आहे. हा लेख त्या वाचनाचा आणि माझ्याकडून झालेल्या एका मोठ्या चुकीचा आहे.

वयाच्या ४२व्या वर्षी माझे पोट बिघडले. सकाळी तीन-तीनदा शौचाला जावे, तरी साफ झाल्यासारखे वाटू नये. ओटीपोटात डावीकडे कळ यावी आणि शौचानंतर ती ओसरावी. मध्येच तीन दिवस काहीच होऊ नये. एसटीने पुण्याला जायचे तर आदल्या दुपारपासून उपास. रक्त, शौच, दुर्बिणीची तपासणी, सगळे व्यवस्थित आले. डॉक्टर म्हणाले, हा इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस; घाबरू नका, काय सोसत नाही ते बघा आणि टाळा. हा सल्ला मी फारच मनावर घेतला. दूध सोडले, पोळी सोडली, मग तुरीची डाळ, बेसन, वांगे, मिरची, शेंगदाणे, दही. सात वर्षांत ताटात भात, मुगाचे पातळ वरण आणि उकडलेला दुधी एवढेच उरले. वजन ६४ किलोवरून ५३ वर आले. पोट मात्र होते तसेच.

आयबीएसचे निदान लक्षणांवरून होते. २०१६ साली ठरलेल्या रोम निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी हवी, आणि तिचा संबंध पुढील तीनपैकी दोन गोष्टींशी हवा : शौचाला जाणे, किती वेळा जावे लागते यात बदल, मळाच्या स्वरूपात बदल. शिवाय त्रासाची सुरुवात होऊन किमान सहा महिने झालेले असावेत. आतड्याला जखम नसते, सूज नसते. बिघडलेले असते ते त्याचे वागणे आणि त्याची संवेदना.

ही संवेदना समजून घेण्यासारखी आहे. १९७३ साली रिची या संशोधकाने रुग्णांच्या मोठ्या आतड्यात छोटा फुगा फुगवून पाहिला. निरोगी माणसांना जेवढ्या ताणाने विशेष काही होत नव्हते, तेवढ्याने अनेक रुग्णांना वेदना झाल्या. पुढे एमआरआयने पोटातला वायू मोजता येऊ लागला. २०१७च्या एका ब्रिटिश अभ्यासात, ठरावीक साखर पाजल्यावर रुग्ण आणि निरोगी माणसे यांच्या आतड्यांत वायू साधारण सारखाच निघाला; कळ मात्र रुग्णांना अधिक आली. म्हणजे ‘वायू फार होतो’ ही आपली नेहमीची तक्रार अर्धीच खरी. वायू इतरांएवढाच असू शकतो, आपले आतडे त्याची दखल जास्त घेते.

मग अन्नाचा काही दोष नाही का? आहे. काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांना आंबवून वायू करतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ साली अशा शर्करांना ‘फॉडमॅप’ हे एकत्रित नाव दिले. कांदा, लसूण आणि गहू यांतले फ्रुक्टान, कडधान्यांतले गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, दुधातले लॅक्टोज, आंबा आणि मध यांतले जादा फ्रुक्टोज, शुगर-फ्री गोळ्यांतले सॉर्बिटॉल ही तिची मुख्य कुटुंबे. तांदूळ आणि ज्वारी या बाबतीत सौम्य आहेत.

या यादीवरून बरेच गैरसमज उलगडतात. गहू सोडल्यावर बरे वाटले की लोक ग्लुटेनला दोष देतात. नॉर्वेत ५९ जणांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. हे सगळे स्वतःला ग्लुटेन सोसत नाही असे मानणारे होते. कोणत्या वडीत काय आहे हे न सांगता त्यांना ग्लुटेन, फ्रुक्टान आणि दोन्ही नसलेली अशा वड्या आळीपाळीने दिल्या. अधिक त्रास फ्रुक्टानने झाला. ग्लुटेनने दोन्ही नसलेल्या वडीपेक्षा जास्त त्रास झाला नाही.

मी मात्र पदार्थ पकडायचो तो शेवटचा. ताटावरून उठताच घाई झाली की आत्ता खाल्लेले बाधले, असा निकाल. वस्तुतः जठर भरले की मोठे आतडे हलू लागते, ही प्रत्येकाच्या शरीरातली प्रतिक्षिप्त क्रिया आहे. जेवण मोठे आणि तेलकट असले तर ती जोरात होते. बाहेर पडते ते आत्ता खाल्लेले नसते. उलट शर्करा आंबून होणारा त्रास काही तासांनी दिसतो. दोन्ही वेळा मी चुकीचा आरोपी धरत होतो. मिसळीचेच बघा. मटकी, कटातला कांदा-लसूण, वरचा कच्चा कांदा, पाव, तर्री, फरसाण. मिसळ खाऊन पोट दुखले, तर यांतल्या कुणाला धरणार? मी सगळ्यांनाच धरले.

४९व्या वर्षी एका आहारतज्ज्ञ बाईंनी माझी यादी वाचली आणि विचारले, “काका, हे सगळे सोडून बरे वाटले का?” नाही म्हणालो. “मग ते दोषी कसे?” त्यांनी मला आधी डॉक्टरांकडे परत पाठवले, कारण वजन घटले होते. तपासण्या पुन्हा झाल्या आणि ते योग्यच होते. शौचातून रक्त, कारणाशिवाय वजन घटणे, अंगातले रक्त कमी होणे, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या सुमारास प्रथमच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग : यांपैकी काही असेल तर वही-पेन बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. गहू सोडण्याआधी सिलिअ‍ॅकची रक्ततपासणीही करून घ्यावी. गहू बंद केल्यावर ती फसवी येऊ शकते.

मग वही सुरू झाली. वेळ, पदार्थ, वाटीच्या मापाने प्रमाण, कळ शून्य ते दहा, मळाचे स्वरूप ब्रिस्टल तक्त्याच्या सात प्रकारांपैकी कोणते. बाईंनी आणखी दोन रकाने आखायला लावले : झोप आणि काम. मला ते अनावश्यक वाटले होते.

वर्षअखेर वही तपासायला बसलो. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याची सवय, तशीच स्वतःची पाने वाचली. सगळ्यांत वाईट ४१ दिवसांपैकी २९ दिवस ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळातले होते. मार्चमध्ये जो भात आणि जे मुगाचे वरण मी खात होतो, तेच तेव्हाही खाल्ले होते. वेगळे होते ते दिवाळी अंकांचे काम. या हंगामात माझ्याकडे पाच-सहा अंकांची मुद्रिते एकदम येत. झोप चार-पाच तास, चहा आठ-आठ कप, दुपारचे जेवण चुकलेले आणि रात्री अकराला दुप्पट, दिवसभर खुर्ची, आणि वेलांटी सुटली तर अशी धास्ती. ज्या अंकांच्या पानांवर माझे आयुष्य गेले, तेच माझे पोट बिघडवत होते आणि शिक्षा भोगत होती तुरीची डाळ.

हे मनाचे खेळ नव्हेत. मेंदू आणि आतडे मज्जातंतूंनी जोडलेले आहेत आणि निरोप दोन्हीकडून जातात. मँचेस्टरच्या व्हॉरवेल यांनी १९८४ सालीच संमोहन उपचाराने बऱ्या न होणाऱ्या रुग्णांत सुधारणा दाखवली होती. मी संमोहनापर्यंत गेलो नाही. अंक तीनच घेतले, रात्रीचे जेवण आठच्या आत, चहा तीन कप, संध्याकाळी पाऊण तास चालणे, आणि सकाळी न्याहरीनंतर घाई न करता शौचाला वेळ. कोंडा बंद करून इसबगोल घेऊ लागलो; नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत इसबगोलाचा उपयोग झाला होता, गव्हाच्या कोंड्याचा तसा झाला नव्हता.

पोट थोडे शांत झाल्यावर पदार्थांची फेरतपासणी केली. पद्धत सोपी आहे. संशयित गट दोन ते सहा आठवडेच वगळायचे, शक्यतो जाणकाराच्या देखरेखीखाली. मग एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, प्रमाण वाढवत; मध्ये दोन-तीन दिवसांची विश्रांती. वगळणे सोपे, म्हणून बहुतेक जण तिथेच थांबतात. खरे काम परत आणण्याचे आहे.

माझा निकाल असा लागला. चहातले दूध निर्दोष, पेलाभर नाही. दोन पोळ्या चालतात, तिसरी नाही. तुरीची डाळ भिजवून, ते पाणी टाकून शिजवली तर वाटीभर सोसते. मिरची, वांगे, शेंगदाणे, दही निर्दोष. दोषी ठरले कांदा आणि लसूण, तेही ठरावीक प्रमाणापुढे. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात तळून, पाणी घालण्याआधी काढून टाकल्या की फोडणीला लसणाचा वास राहतो आणि पोट राहते. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग. बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो, पण चिमटीने बिघडत नाही. हा निकाल माझा आहे. तुमचा वेगळा लागेल. आयुर्वेदातली ‘सात्म्य’ ही कल्पना मला इथे आठवते : ज्याला जे मानवते ते त्याचे.

वजन आता ६१ आहे. त्रास संपलेला नाही. सप्टेंबरात अजून कुरकुरतो, पण एसटीत बसताना मी जेवलेला असतो.

एक गोष्ट मात्र वहीत मावली नाही. मी बेसन सोडले, तेव्हा आईने लाडू करणेच बंद केले. “तो खात नाही, मग कशाला?” सात वर्षे आमच्या घरी दिवाळीत बेसन भाजल्याचा वास आला नाही. लाडू परीक्षेत उतरला, तोवर तिचे हात थरथरू लागले होते. आता बेसन मी भाजतो. ती खुर्चीत बसून वासावरून सांगते, “अजून नाही झाले.” मी एक लाडू खातो. दुसरा सोसत नाही, हेही वहीत लिहिलेले आहे.