खडकीपासून खंडपीठापर्यंत

छत्रपती संभाजीनगरला मराठवाड्याची राजधानी म्हणायची रीत आहे. सरकारदरबारी ते विभागीय मुख्यालय. राजधानी मुंबई आणि उपराजधानी नागपूर. तरी हे बिरुद अगदीच पोकळ नाही. निजामशाही, मोगल सुभेदारी आणि आसफजाही या तिन्ही सत्तांनी कारभारासाठी हेच ठिकाण निवडले. शहराबद्दलच्या काही पक्क्या समजुती मात्र कागदपत्रांपुढे टिकत नाहीत.

गैरसमज : शहर औरंगजेबाने वसवले.

वस्तुस्थिती : वसवले ते मलिक अंबरने. निजामशाहीच्या या हबशी वजिराने १६१० मध्ये खडकी या खेड्याला राजधानी केले. भडकल दरवाजाही त्याचाच. पुढे त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, फतेहनगर हे नाव दिले. औरंगजेब १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हा नांदत्या शहराला त्याचे नाव मिळाले. अंबरची खरी करामत जमिनीखाली आहे: उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले पाणी त्याने बांधीव भुयारी कालव्यातून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात खेळवले. हीच नहर-ए-अंबरी.

गैरसमज : बीबी का मकबरा अख्खा संगमरवरी आहे आणि तो आझमशहाने आईसाठी बांधला.

वस्तुस्थिती : मुख्य वास्तूजवळ उभे राहून पाहावे. संगमरवर भिंतीच्या खालच्या पट्ट्यापुरता आहे, त्यावर थेट घुमटापर्यंत काळा दगड आणि पांढरा गिलावा, आणि घुमट पुन्हा संगमरवरी. आझमशहाचे म्हणाल, तर त्याचा जन्म १६५३ चा. त्याची आई दिलरस बानू १६५७ मध्ये वारली आणि मकबरा १६६१ च्या सुमारास पूर्ण झाला. म्हणजे ‘बांधणारा’ तेव्हा सात-आठ वर्षांचा होता! प्रवेशद्वारावर नावे कोरली आहेत ती वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची.

गैरसमज : निजामाची राजधानी पहिल्यापासून हैदराबाद.

वस्तुस्थिती : पहिल्या आसफजाहाने १७२४ मध्ये स्वतंत्र कारभार सुरू केला तो इथूनच. राजधानी हैदराबादला गेली १७६३ मध्ये, निजाम अलीच्या काळात.

गैरसमज : बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला आदरापोटी दिले, त्यांचा या शहराशी प्रत्यक्ष संबंध नव्हता.

वस्तुस्थिती : मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले २३ ऑगस्ट १९५८ रोजी. त्याच्या आठ वर्षे आधी, १९५० मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय काढले. तेच आजचे नागसेनवनातले मिलिंद महाविद्यालय. ज्या मुलांच्या घरात कुणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, ती इथून पदवी घेऊन बाहेर पडली. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो दीर्घ आंदोलनानंतर, १४ जानेवारी १९९४ रोजी.

गैरसमज : इथले उच्च न्यायालय स्वतंत्र आहे आणि फक्त मराठवाड्यासाठी आहे.

वस्तुस्थिती : हे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ. कामकाज सुरू झाले २७ ऑगस्ट १९८१ रोजी. कायम दर्जा मिळाला १९८४ मध्ये. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांबरोबर अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबारची अपिलेही इथेच चालतात. नंदुरबारच्या पक्षकाराला मुंबई गाठावी लागत नाही, त्याची तारीख संभाजीनगरलाच पडते.