वारं गेलं की साखर उतरली?

अंतरवाली सराटी असो की अंबड तालुक्यातलं दुसरं गाव, कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, की घरचे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ बरेचदा तो पक्षाघातच असतो. पण इतर आजारही हुबेहूब तसंच सोंग घेतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण राहिलं आणि साखर फार उतरली, तरी एक बाजू लुळी पडू शकते. ग्लुकोज दिलं की असा माणूस बहुधा लवकरच बोलू लागतो. म्हणून आधी बोटातल्या थेंबावर साखर पाहायची. फिट येऊन गेल्यावरही हातपाय काही तास दुबळे राहतात.

मग सीटी स्कॅन. तो काही मिनिटांत होतो आणि ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं. पहिला प्रश्न रक्तस्रावाचाच, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्रावात दिलं तर जिवावर बेतेल. (घरीच ॲस्पिरिन देऊ नका, तेही याचसाठी.) म्हातारा माणूस महिन्यापूर्वी मोटारसायकलवरून पडलेला असतो, सगळे विसरलेले असतात, आणि कवटीखाली साचलेलं रक्त सीटीत सापडतं. गाठही अशीच कळते.

खरा घोळ पुढे होतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी नेतो,’ असं नातेवाईक म्हणतात. पण गुठळीने रक्त अडलेला भाग सीटीत ठळक काळसर दिसायला बरेच तास लागतात. सुरुवातीच्या नॉर्मल सीटीचा अर्थ एवढाच, की रक्तस्राव दिसत नाही. एमआरआयच्या डिफ्यूजन तपासणीत तोच भाग काही मिनिटांतही उजळू लागतो, कारण सुजलेल्या पेशींत पाण्याची हालचाल अडते. मेंदूच्या मागच्या भागातला छोटा झटका मात्र तिलाही कधी हुलकावणी देतो. तिथे डॉक्टरांचे हात-डोळेच कामाचे.

लक्षणं स्पष्ट असतील, सीटीत रक्तस्राव नसेल, तर इंजेक्शनसाठी एमआरआयची वाट पाहत बसायचं नसतं. मुदत साडेचार तासांची, आणि अंतरवालीहून जालना किंवा संभाजीनगरची घाटी गाठताना तिचा मोठा वाटा रस्त्यातच जातो. १०८ ला फोन करतानाच सीटी कुठे चालू आहे ते विचारा. झोपेतून उठताना त्रास दिसला, तर उठल्याची वेळ सांगू नका. रात्री शेवटचं नीट बोलला तेव्हा किती वाजले होते, ते सांगा.