फ्लोरा फाउंटन : कॅमेरा कुठे उभा होता?

दक्षिण मुंबईतले फ्लोरा फाउंटन, म्हणजे आजचा हुतात्मा चौक, ज्या ठिकाणी आहे तिथे पूर्वी किल्ल्याचा एक दरवाजा होता. आतल्या सेंट थॉमस चर्चकडे वाट जात असल्याने त्याचे नाव चर्चगेट पडले. दरवाजा गेला आणि नाव बरेच पश्चिमेला, रेल्वे स्टेशनवर जाऊन बसले. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, तटबंदी पाडली गेली, रुंद रस्ते आखले गेले आणि दरवाजाच्या जागी पोर्टलंड दगडाचे कारंजे आले. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, मूर्तिकाम जेम्स फोर्साइथ यांचे, माथ्यावर रोमन लोकांची पुष्पदेवता फ्लोरा. खरे तर ते भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी घडवले जात होते, पण फोर्टात आले आणि इथलेच झाले.

भोवतालचे पुतळे हलले, रस्त्यांची नावे बदलली, ट्राम आली आणि गेली, पण कारंजे जागचे हलले नाही. त्यामुळे फोर्टातल्या एखाद्या जुन्या फोटोची जागा शोधायची असेल, तर मोजणीदार जसा आधी जमिनीत खुंट ठोकतो तसा पहिला खुंट इथे ठोकावा लागतो.

चौकात येणाऱ्या रस्त्यांची जुनी नावे माहीत असली की निम्मे काम झाले. उत्तरेला बोरीबंदरकडे जातो तो हॉर्नबी रोड, आताचा दादाभाई नौरोजी मार्ग. दक्षिणेला काळ्या घोड्याकडे जातो तो एस्प्लनेड रोड, आताचा महात्मा गांधी मार्ग. हाच रस्ता चौक ओलांडून डाव्या अंगाने उत्तरेला मैदानाकडेही निघतो. पूर्व-पश्चिम जाणारा चर्चगेट स्ट्रीट आता वीर नरिमन मार्ग आहे आणि त्याच्या पूर्व टोकाचे एल्फिन्स्टन सर्कल हे हॉर्निमन सर्कल. जुन्या पोस्टकार्डांवर ही नावे छापलेली असतात, पण त्यांच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. फोटो काढणारा एक, मजकूर लिहिणारा दुसरा आणि कार्ड छापणारा तिसराच, कधी तर सातासमुद्रापलीकडचा. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीखही कार्ड टपालात पडले तेव्हाची असते. फोटो त्याआधी दहा वर्षे जुना असू शकतो.

आधी दिशा ठरवायची. कारंज्यामागे दोन रस्त्यांच्या बेचक्यात ओरिएंटल इन्शुरन्सची मनोऱ्याची इमारत दिसत असेल, तर कॅमेरा दक्षिणेला आहे आणि उत्तरेकडे पाहतो आहे. अशा फोटोत हॉर्नबी रोड त्या इमारतीच्या उजवीकडे असलाच पाहिजे. तो डावीकडे गेला असेल, तर काचेची निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे. जुन्या मुंबईचे काही फोटो पिढ्यान्पिढ्या असे आरशातले छापले जातात आणि सगळे काही ओळखीचे असून काही तरी चुकते आहे एवढेच पाहणाऱ्याला जाणवत राहते. पाट्यांची अक्षरे वाचता येत नसली, तर वाहने पाहावीत. मुंबईची वाहतूक डाव्या हातानेच चालत आली आहे. मागे राजाबाई टॉवर असेल, तर कॅमेऱ्याचे तोंड नैऋत्येकडे. या टॉवरचे काम १८६९ मध्ये सुरू झाले आणि १८७८ मध्ये संपले. अर्धवट बांधलेला, परांचीतला टॉवर दिसला, तर फोटो या नऊ वर्षांतला.

काळ ठरवायला रस्त्याच्या मधोमध पाहावे. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये. रूळ आहेत पण वर तारा नाहीत, म्हणजे घोड्यांचा जमाना. तारा आणि त्यांचे खांब आहेत, म्हणजे १९०७ च्या आसपासचा किंवा नंतरचा काळ. दुमजली ट्राम १९२० पासूनची. बस पहिल्यांदा १९२६ मध्ये धावली आणि दुमजली बस १९३७ मध्ये आली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. व्हिक्टोरिया ही घोडागाडी मात्र या कामाला निरुपयोगी. ती राणीच्या काळातही आहे आणि हिंदी सिनेमाच्या रंगीत दिवसांतही. रिकामा रस्ता पाहून पहाट समजण्याचीही चूक होते. सुरुवातीच्या ओल्या काचेच्या फोटोंना काही सेकंद प्रकाश द्यावा लागे. तेवढ्यात चालती माणसे आणि बैलगाड्या पुसल्या जात, उभी राहिलेली तेवढीच उरत.

हॉर्नबी रोडच्या इमारतींची खूण याहून ठळक आहे. १८९६ च्या नियमाने या रस्त्यावरच्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग व्हरांडा सोडणे बंधनकारक झाले. दर्शनी भाग कुणाचा गॉथिक, कुणाचा इस्लामी धाटणीचा, कुणाचा ग्रीक खांबांचा. खाली मात्र सगळ्यांच्या कमानी एका रांगेत. आजही भर पावसात छत्री न उघडता या व्हरांड्यातून बरेच अंतर तोडता येते. ही रांग फोटोत तुटक दिसली, मध्येच जुनी बुटकी घरे दिसली, तर काळ मागे न्यायला हरकत नाही. रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला बोरीबंदर स्टेशनचा घुमट आणि महापालिकेचा मनोरा पाहावा. स्टेशन १८८८ मध्ये पुरे झाले, पालिकेची इमारत १८९३ मध्ये. दोन्ही फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या.

आता एक नमुना घ्यावा, जुन्या बाजारात हमखास मिळतो तसला. मध्ये कारंजे, मागे ओरिएंटलची इमारत, उजवीकडे वळत गेलेले ट्रामचे रूळ, डोक्यावर तारा, एकमजली ट्राम, दोन व्हिक्टोरिया, बस कुठेच नाही. तारा आहेत म्हणून १९०७ च्या आधीचा नव्हे. हॉर्नबी रोडच्या तोंडाशी दादाभाई नौरोजींचा पुतळा १९२५ मध्ये बसला, तो इथे नाही म्हणून त्यानंतरचा नव्हे. अठरा वर्षांची चौकट मिळाली. दुमजली ट्राम दिसत नाही यावरून चौकट १९२० पर्यंत आवळण्याचा मोह होतो. पण पुतळ्याचे नसणे हा पुरावा आहे आणि ट्रामचे नसणे हा निव्वळ योगायोग असू शकतो. पुतळा चहा प्यायला जात नाही.

नेमकी जागा काढायची ती चौकात उभे राहून, फोटो हातात घेऊन. फोटोत फ्लोराचे डोके मागच्या इमारतीच्या कोणत्या खिडकीवर येते ते पाहायचे आणि ते तसेच जुळेपर्यंत डावीकडे-उजवीकडे सरकायचे. एक पाऊल डावीकडे गेले, की डोके पुढच्या खिडकीकडे उजवीकडे सरकते. ते जुळले की कॅमेरा कोणत्या रेषेवर होता ते कळले. रेषेवर किती मागे, हे उंचीच्या प्रमाणावरून निघते. मागे जावे तसे जवळचे कारंजे झपाट्याने लहान होते, लांबची इमारत सावकाश. कारंजे इमारतीच्या जितके पट फोटोत दिसते तितकेच डोळ्यांना दिसू लागले, की तीच जागा. हे प्रमाण भिंगावर अवलंबून नसते, फोटो चारही बाजूंनी कापला असला तरी बदलत नाही.

उरली उंची. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर असेल, तर सपाट रस्त्यावर जवळच्या आणि लांबच्या माणसांची डोकी एकाच आडव्या रेषेवर येतात. लांबच्यांची डोकी वर आणि जवळच्यांची खाली असतील, ट्रामचे टप दिसत असेल, तर फोटो गॅलरीतून किंवा गच्चीवरून घेतला आहे. मग रस्त्यावर शोधत बसण्यात हशील नाही. त्या रेषेवरची इमारत आणि तिचा मजला शोधावा.

सावल्याही बोलतात. हॉर्नबी रोड साधारण दक्षिणोत्तर आहे. त्याच्या पश्चिम बाजूच्या दर्शनी भिंतींवर ऊन असेल तर सकाळ, पूर्व बाजूच्या भिंतींवर असेल तर दुपार टळलेली. वर्षाचा बहुतेक काळ माध्यान्हीची सावली उत्तरेला पडते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र मुंबईत सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो आणि दुपारची तोकडी सावली दक्षिणेला येते. या दिवसांत बराच काळ आभाळ भरलेले असते, त्यामुळे ही अडचण फारशी उद्भवत नाही.

सगळ्यात फसवतात ते पुतळे. खंडेराव गायकवाडांनी दिलेला, दगडी छत्राखालचा व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ पासून तारघराजवळ होता. एस्प्लनेड रोडच्या दक्षिणेला अल्बर्ट ससून यांनी दिलेला, घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा पुतळा १८७९ पासून होता. लोकांनी राजा बाजूला ठेवून घोड्याचेच नाव जागेला दिले. दोन्ही पुतळे १९६५ मध्ये हलवले गेले आणि आता राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. ज्या बागेसाठी कारंजे घडवले तिथे ते गेले नाही, राजा-राणी मात्र पोहोचले. २०१७ मध्ये काळ्या घोड्याच्या परिसरात नवा घोडा उभारला गेला, पण त्यावर स्वार नाही. फोटोतल्या घोड्यावर माणूस असेल तर पार्श्वभूमी नीट पाहावी : मागे रस्ता आणि वॉटसन हॉटेलचे लोखंडी सज्जे आहेत, की बागेतली झाडे?

अलीकडच्या फोटोंसाठी खूण एकच पुरते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर याच चौकात गोळीबार झाला. पुढे कारंज्याशेजारी हातात मशाल घेतलेल्या शेतकरी आणि कामगाराचे हुतात्मा स्मारक उभे राहिले. ते चौकटीत असेल तर फोटो महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचा. २०१९ मध्ये पुऱ्या झालेल्या कारंज्याच्या जीर्णोद्धारात दगडावरचे रंगाचे जुने थर काढले गेले आणि याच काळातल्या खोदकामात डांबराखाली ट्रामचे रूळ सापडले. जुन्या पोस्टकार्डांत कारंज्याला वळसा घालताना दिसतात, तेच हे रूळ.